घरच्या एस्प्रेसो मशीनला एक ग्रुप की दोन? आधी सेकंद मोजा, मग मीटर बघा

नागपुरात घरी दोन ग्रुपचं मशीन घ्यायचा विचार बहुतेकांच्या मनात दोन कारणांनी येतो. एक तर कुठला तरी कॅफे बंद होतो आणि त्याचं मोठं मशीन नव्या सिंगल ग्रुप मशीनच्या भावात मिळतंय असं कानावर येतं. नाहीतर रविवारी सकाळी आठ-दहा माणसं घरी जमतात, सगळ्यांना दुधाचीच कॉफी हवी असते आणि शेवटच्या माणसाला कप मिळेपर्यंत पहिल्याचा पिऊन झालेला असतो. दोन्ही वेळा हिशोब एकच: ग्रुप दुप्पट, तर कॉफी दुप्पट वेगानं. घरात हा हिशोब लागू पडत नाही. का पडत नाही, ते आधी सेकंदांत मांडू.

वेळ नेमका कुठे जातो

पोर्टाफिल्टर म्हणजे मुठीचं भांडं, त्यातल्या जाळीदार बास्केटमध्ये पूड भरतात. ते फिरवून ज्यात बसवतो तो जड धातूचा भाग म्हणजे ग्रुप. त्यातून ९० ते ९६ अंश सेल्सियसचं पाणी सुमारे ९ बार दाबानं पुडीतून उतरतं. नेहमीचं माप: १८ ग्रॅम पूड, कपात ३६ ग्रॅम एस्प्रेसो, २५ ते ३० सेकंद.

आता दुधाच्या एका कॉफीला एकट्या माणसाचे हात किती वेळ गुंततात ते बघा. बऱ्यापैकी इलेक्ट्रिक ग्राइंडरवर १८ ग्रॅम दळायला १५ सेकंद. पूड सारखी करून टॅम्प करायला, म्हणजे दाबून बसवायला, १५. चोथा ठोकून काढणं, बास्केट पुसणं, ग्रुपमधून थोडं पाणी सोडणं यात आणखी १५. फ्रिजमधलं १५० मिली दूध ५ अंशांवरून ६० ते ६५ अंशांवर न्यायला ३०. वाफेची नळी पुसून एकदा मोकळी वाफ सोडायला ८, कपात ओतायला १०. बेरीज ९३ सेकंद, म्हणजे साधारण दीड मिनिट. ग्रुप स्वतः काम करतो ते त्यातले फक्त ३० सेकंद, आणि तेही तुम्ही दूध तापवत असताना. बाकीचा एक मिनिट तो रिकामाच असतो. एका ग्रुपलाच दोन-तृतीयांश वेळ काम नाही, तर शेजारी दुसरा बसवून वेग कुठून येणार?

दोन माणसं उभी राहिली तर चित्र बदलतं. एकानं दळणं, टॅम्प आणि सफाई सांभाळली तर त्याचे ४५ सेकंद होतात. दुसऱ्यानं दूध आणि ओतणं घेतलं तर त्याचे ४८. ग्रुपचेही पोर्टाफिल्टर बसवणं-काढणं धरून ४५ होतात. तिन्ही कामं सारख्या वेळात बसली, म्हणजे एक जास्तीचा पोर्टाफिल्टर असेल तर एकाच ग्रुपवर पाऊण मिनिटाला एक कॉफी निघते. आठ जणांना साडेसहा मिनिटं लागतात. एकट्यानं केलं तर साडेबारा. हा फरक दुसऱ्या माणसानं आणला, ग्रुप एकच होता.

दुसऱ्या ग्रुपचं चीज व्हायला तीन गोष्टी एकदम लागतात: १८ ग्रॅम सहा-सात सेकंदांत दळणारा कॅफेचा ग्राइंडर, दोन वाफेच्या नळ्या आणि दोघांचे सरावलेले हात. यातली एक जरी नसली तरी दुसरा ग्रुप पाहतच राहतो.

एका ग्रुपवर वेग वाढवायचे साधे उपाय आहेत आणि ते आधी करून बघा. एक जास्तीचा पोर्टाफिल्टर घ्या. पहिल्यातून कॉफी उतरत असताना दुसरा भरून तयार ठेवता येतो. घेताना माप जुळवा: ई-६१ (अनेक घरगुती मशीनवरचा जुन्या घडणीचा ग्रुप) आणि बहुतेक कॅफेच्या मशीनचा व्यास ५८ मिलिमीटर, ब्रेव्हिलच्या छोट्या मशीनचा ५४. व्यास जुळला तरी कानांची जाडी वेगळी असू शकते, म्हणून मॉडेलचं नाव सांगूनच घ्या. दुसरा उपाय दुतोंडी पोर्टाफिल्टरचा. १८ ग्रॅम पुडीतून दोन कपांत १८-१८ ग्रॅम एस्प्रेसो एकदम उतरतो, आणि १२० मिलीच्या छोट्या दुधाच्या कॉफीला तेवढा पुरतो. पाहुण्यांसाठी आम्ही हाच सल्ला सगळ्यात आधी देतो. ६०० मिलीच्या जगमध्ये ३०० मिली दूध एकदम तापवा आणि दोन कपांत ओता. आणि माणसं यायच्या आधी बिया १८-१८ ग्रॅम मोजून छोट्या डब्यांत भरून ठेवा. ऐन वेळी वजनकाटा हातात घ्यावा लागत नाही.

अडतं ते वाफेपाशी

घरच्या मशीनवर लोक वैतागतात ते बहुतेक वेळा ग्रुप कमी म्हणून नव्हे, वाफ कमी म्हणून. दुकानात 'डबल' म्हटलं की दोन बॉयलर आणि दोन ग्रुप यांची सरमिसळ होते, म्हणून मशीन बघताना दोन्ही आकडे वेगवेगळे विचारा.

गॅजिया क्लासिक किंवा रान्चिलिओ सिल्व्हिया यांच्यासारख्या मशीनमध्ये एकच छोटा बॉयलर असतो. कॉफीसाठी तो ९३ अंशांच्या आसपास ठेवायचा, मग वाफेचं बटण दाबून तो बराच वर चढेपर्यंत थांबायचं, दूध झालं की पाणी सोडून पुन्हा खाली आणायचं. दोन कप दुधाच्या कॉफीला हे चालतं. चौथ्या कपाला संयम संपतो. काळी कॉफी पिणाऱ्या एक-दोन माणसांच्या घराला मात्र हे मशीन पुरेसं आहे, आणि वाचलेले पैसे ग्राइंडरवर घालावेत.

त्यावरचा प्रकार हीट एक्स्चेंजरचा. एक ते दोन लिटरचा बॉयलर १.१ ते १.२ बारवर, म्हणजे १२२-१२३ अंशांवर, कायम वाफेसाठी तापलेला असतो आणि कॉफीचं पाणी त्यातून जाणाऱ्या नळीत गरम होतं. दूध आणि कॉफी एकाच वेळी करता येतात. मशीन दहा-पंधरा मिनिटं नुसतं उभं राहिलं तर नळीतलं पाणी जास्त तापतं. म्हणून पोर्टाफिल्टर लावण्याआधी ग्रुपमधून पाणी सोडायचं. सुरुवातीला ते फसफसत, तडतडत येतं. आवाज शांत झाला की थांबायचं. ही पायरी चुकली की कॉफी करपट, कडू लागते आणि दोष बियांना दिला जातो.

तिसरा प्रकार दोन स्वतंत्र बॉयलरचा: एक कॉफीचा, एक वाफेचा. ब्रेव्हिल ड्युअल बॉयलर, लेलिट बियांका, ला मार्झोको लिनिया मिनी ही यातली ओळखीची नावं. तापमान पीआयडी नावाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकावर एका अंशानं बदलता येतं. आठ-दहा जणांची ऊठबस असलेल्या घराला हाच प्रकार घ्यायला आम्ही सांगू. दोन ग्रुपचं मशीन मागणाऱ्या बहुतेकांना खरी गरज याची असते.

तापायचा वेळही विचारात घ्या. फाएमा कंपनीनं १९६१ मध्ये आणलेला ई-६१ ग्रुप आजही अनेक घरगुती मशीनवर आहे. तो सुमारे चार किलो पितळेचा असतो. बॉयलरचा काटा दहा मिनिटांत वर गेला तरी ग्रुप नीट तापायला अर्धा तास लागतो. सकाळी सहाला कॉफी हवी असेल तर १६ अँपिअरचा टायमर किंवा स्मार्ट प्लग साडेपाचला लावून ठेवा. १० अँपिअरचा प्लग लावू नका, तो आतून वितळतो.

दुधाबद्दल एक गोष्ट, कारण ती मशीनवर ढकलली जाते. पाश्चराइज्ड पिशवीचं दूध, दिनशॉजचं असो की हल्दीरामचं, न उकळता फ्रिजमधून थेट जगमध्ये घ्या. सकाळी उकळून ठेवलेल्या दुधात सायीचे तुकडे असतात. ते वाफेच्या तोंडाच्या भोकांत अडकतात आणि फेसही एकसारखा येत नाही. घरी उकळलेलंच वापरायचं असेल तर पूर्ण थंड करून बारीक गाळणीनं गाळा. गवळ्याकडचं कच्चं दूध मात्र उकळल्याशिवाय वापरू नका, ६५ अंशांची काही सेकंदांची वाफ त्याला पुरेशी नाही.

वीज: मशीनच्या पाटीवरचा आकडा

मशीनच्या मागे किंवा खाली पाटी असते. तिच्यावरचे वॉट २३० नं भागा, अँपिअर मिळतात. ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटची मर्यादा १,३८० वॉट. सिंगल ग्रुप मशीन बहुधा १,२०० ते १,८०० वॉटची, काही दोन बॉयलरची त्याहून जास्त असतात. म्हणजे १,३८० वॉटच्या वरच्या मशीनना १६ अँपिअरचं सॉकेट हवंच. स्वयंपाकघरात ते फ्रिज किंवा ओव्हनसाठी असतं. त्यावर मल्टिप्लग लावून दोन्ही चालवायचा मोह टाळा.

दोन ग्रुपची मशीन साधारण २,७०० ते ४,५०० वॉटची. ३,५०० वॉट म्हणजे १५.२ अँपिअर, ४,३०० वॉट म्हणजे १८.७. हा भार १६ अँपिअरच्या सॉकेटवर तासन् तास ठेवला की पिना काळ्या पडतात. त्यासाठी मीटरजवळच्या बोर्डापासून स्वतंत्र लाईन ओढावी लागते: ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २५ अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की लाईन तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा). सॉकेटऐवजी भिंतीवर आयसोलेटर स्विच. काही मशीन थ्री फेजसाठी जोडून आलेली असतात. आतल्या टर्मिनल पट्टीवरच्या जोडपट्ट्या बदलून बरीचशी सिंगल फेजवर येतात, पण ते वायरिंगचा नकाशा समोर ठेवून इलेक्ट्रिशियननंच करावं.

मग महावितरणच्या बिलावरचा 'मंजूर भार' बघा. तो ३ किलोवॉट असेल तर दोन ग्रुपचं मशीन एकटंच तो ओलांडू शकतं. मे महिन्यात दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॉट घेतो, कूलर आणि फ्रिज वेगळे. भार वाढवून घेण्याचा अर्ज मशीन घरी यायच्या आधी करा.

तापवायला किती वीज लागते याचा हिशोब घरी करता येतो. दोन ग्रुपच्या दहा-बारा लिटरच्या बॉयलरमध्ये साधारण ७ लिटर पाणी धरा, बाकी जागा वाफेची. ते ३० अंशांवरून १२० वर न्यायला सुमारे ०.७३ युनिट, पंधराएक किलो धातू तापवायला आणखी ०.१३. म्हणजे पहिला कप निघण्याआधीच पाऊण युनिटाहून जास्त गेलं. सिंगल ग्रुपमध्ये सव्वा लिटर पाणी आणि सात-आठ किलो धातू धरला तर हाच आकडा ०.२ युनिटाच्या आसपास येतो. त्यानंतर मशीन नुसतं गरम राहायला जी वीज घेतं, ती सगळी उष्णता होऊन स्वयंपाकघरातच येते. डिसेंबरात ती बरी वाटते. बाहेर ४५ अंश असताना ओट्यावर सतत तापलेला दहा-बारा लिटरचा बॉयलर नकोसा होतो, आणि घराच्या कूलरला तेवढं जास्त काम लागतं.

आणखी दोन सूचना. युरोपातून आलेल्या मशीनचा गोल दोन पिनांचा प्लग मल्टि-अ‍ॅडॉप्टरमध्ये बसतो, पण त्याची अर्थिंग बाजूच्या पट्ट्यांतून जाते आणि ती अ‍ॅडॉप्टरला लागत नाही. पाणी, धातू आणि वीज एकत्र असलेल्या यंत्राला अर्थिंग नसणं जिवावर बेतू शकतं. प्लग कापून १६ अँपिअरचा तीन पिनांचा आयएसआय प्लग बसवा. आणि अमेरिकेतल्या नातेवाइकांना मशीन आणायला सांगू नका. तिकडचा १२० व्होल्टचा हीटर आपल्या २३० व्होल्टवर साडेतीन पटींहून जास्त वीज ओढतो आणि जळतो. ट्रान्सफॉर्मर लावला तरी व्हायब्रेशन पंप ६० हर्ट्झसाठी बनवलेला असतो, आपल्या ५० हर्ट्झवर तो तसा चालत नाही.

घरचा इन्व्हर्टर यातलं कुठलंच मशीन ओढत नाही. लाईन गेली की मशीनचं बटण बंद करा, परत आल्यावर पाच मिनिटांनी लावा. वीज परत येताना जो झटका येतो त्यात इलेक्ट्रॉनिक बोर्ड जातात.

पाणी: मशीनचं आयुष्य इथे ठरतं

शहराला मुख्यतः पेंच आणि कन्हानचं पाणी येतं. कडेच्या लेआऊटमध्ये मात्र बोअरवेल किंवा टँकरवर चालणारी घरं पुष्कळ आहेत, आणि बोअरचं पाणी बहुधा जड असतं. त्यामुळे शेजारच्या वस्तीतल्या मित्राचं मशीन पाच वर्षं विनातक्रार चाललं, यावरून आपल्या पाण्याचा अंदाज बांधता येत नाही.

टीडीएस मीटर इथे अपुरा आहे. तो एकूण क्षार सांगतो, त्यात चुना किती ते सांगत नाही. शोभेच्या माशांच्या दुकानात थेंबांनी तपासायचा संच मिळतो, त्यात जीएच (जडपणा) आणि केएच (क्षारता) असे दोन आकडे जर्मन अंशांत येतात. एक जर्मन अंश म्हणजे सुमारे १८ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम). जडपणा ५० ते ८० पीपीएम आणि क्षारता ४० ते ७० पीपीएम असेल तर चव आणि बॉयलर दोन्ही सांभाळले जातात. जडपणा १५० च्या वर असेल तर १२० अंशांच्या बॉयलरमध्ये चुना बसणारच, प्रश्न फक्त महिन्यांचा.

मग घरच्या आरओचं पाणी घालावं का? थेट नको. अगदी कोऱ्या पाण्यानं दोन घोळ होतात. तांब्या-पितळेचे भाग हळूहळू झिजतात. शिवाय बॉयलरमधली पाण्याची पातळी ओळखणारी सळई पाण्यातून वीज वाहते यावर चालते. क्षारच नसतील तर तिला पाणी 'दिसत' नाही, बॉयलर भरतच राहतो आणि वाफेच्या नळीतून पाणी यायला लागतं. ही तक्रार घेऊन लोक मेकॅनिक बोलावतात, बोर्ड बदलतात, आणि कारण बाटलीतल्या पाण्यात असतं.

उपाय स्वस्त आहे. आरओचा टीडीएस कंट्रोलर पूर्ण बंद करून कमीत कमी क्षारांचं पाणी काढा आणि १० लिटरला १ ग्रॅम खाद्य दर्जाचं पोटॅशियम बायकार्बोनेट मिसळा. त्यानं क्षारता सुमारे ५० पीपीएम होते, सळईला पाणी कळतं आणि चुना मुळात नसल्यानं बसत नाही. दर वेळी एक ग्रॅम मोजणं कटकटीचं आहे, म्हणून १० ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा आणि प्रत्येक लिटरला त्यातले १० मिली घाला. पोटॅशियम बायकार्बोनेट नसेल तर खाण्याचा सोडा १० लिटरला ०.८ ग्रॅम चालतो. बेकिंग पावडर नव्हे, नुसता सोडा. टीडीएस कंट्रोलर उघडून बोअरचं पाणी मिसळणं हा मार्ग मात्र टाळा, कारण ज्या चुन्यापासून सुटका हवी तोच परत आत येतो.

टाकीवर चालणाऱ्या सिंगल ग्रुप मशीनला दोन-तीन लिटर असं पाणी रोज करणं सहज जमतं. दोन ग्रुपच्या मशीनला बहुधा थेट नळजोडणी लागते आणि इथे नागपूरच्या घरांत अडचण येते. स्लॅबवरच्या टाकीचा दाब मीटरला ०.१ बार इतकाच असतो. टाकी ओट्याच्या तीन मीटर वर असेल तर ०.३ बार. बऱ्याच मशीनच्या पुस्तिकेत किमान १ बार किंवा त्याहून जास्त मागितलेला असतो. रोटरी पंपाला पाणी कमी पडलं की तो कर्कश आवाज करतो आणि कोरडा चालला तर थोड्याच वेळात खराब होतो. म्हणून २० लिटरचा जार, प्रेशर स्विच असलेला आणि मिनिटाला ३ ते ४ लिटर देणारा १२ व्होल्टचा डायफ्राम पंप, एक छोटी प्रेशर टाकी आणि जार रिकामा झाला की सगळं बंद करणारा फ्लोट स्विच एवढं जमवावं लागतं. आरओमधला छोटा बूस्टर पंप इथे पुरत नाही. शिवाय उन्हाळ्यात दुपारी स्लॅबच्या टाकीतलं पाणी हात भाजेल इतकं तापतं. त्यानं फिल्टरही लवकर खराब होतात, म्हणून जार घरातच ठेवा.

बॉयलरमधून वाफ जाते, क्षार मागे राहतात. पाणी चांगलं असलं तरी महिन्यांनंतर आतलं पाणी घट्ट होत जातं. मशीनला गरम पाण्याची तोटी असेल तर रोज पाव लिटर पाणी तिच्यातून काढा. दहा-बारा लिटरच्या बॉयलरवर दिवसाला चार कप होत असतील तर आतलं पाणी आठवडेच्या आठवडे तेच राहतं, आणि तोटीच्या पाण्याला शिळा, धातूचा वास येतो. घरी दोन ग्रुप न घेण्याचं हे आमच्या दृष्टीनं विजेपेक्षाही मोठं कारण आहे.

ओटा आणि निचरा

आपला ओटा साधारण ६० सेंटिमीटर खोल असतो. दोन ग्रुपचं मशीन ७० ते ८० सेंटिमीटर रुंद, ५० ते ५५ खोल आणि ५० ते ७५ किलो वजनाचं असतं. पोर्टाफिल्टरची मूठ पुढे येते ती वेगळी. पाय खालच्या उभ्या कडप्प्यावर किंवा भिंतीवर येतील असं बघा, नुसत्या प्लायच्या मॉड्युलर कपाटावर ठेवू नका. सिंगल ग्रुपला अर्धी जागा लागते, पण पाण्याची टाकी वरून उघडत असेल तर वरच्या कपाटापर्यंत २० सेंटिमीटर मोकळे हवेत. नाहीतर दर वेळी मशीन पुढे ओढावं लागतं. दोन ग्रुपला निचऱ्याची नळीही लागते. ती सतत उताराची ठेवा, मध्ये झोल पडला की चोथा साचतो आणि तळाचा ट्रे उलटा भरतो. रात्री मशीन पूर्ण थंड होऊ द्या आणि मागच्या जाळ्या पुसा, उबदार बोर्डाच्या आसऱ्याला झुरळं येतात.

दोन ग्रुप खरंच कुणाला लागतात

घरून कॉफी विकायची असेल, सकाळच्या एका तासात वीस-पंचवीसहून जास्त कप जात असतील आणि हाताशी दुसरा माणूस असेल, तर दोन ग्रुपचा विचार करा. त्याबरोबर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा खात्याची) नोंदणी येते आणि विजेचा वाणिज्य दर लागू शकतो, तेही हिशोबात धरा. दुसरा गट बारिस्ताचं काम शिकणाऱ्यांचा. एकच बी दोन तापमानांवर शेजारी-शेजारी चाखायची असेल तर दोन ग्रुप उपयोगी पडतात, पण प्रत्येक ग्रुपचं तापमान स्वतंत्र असलेलं मल्टि-बॉयलर मशीन असेल तरच. एका बॉयलरच्या दोन ग्रुपमध्ये हा फायदा नाही.

आणि दुसरा ग्रुप वापरात नसला तरी त्याची देखभाल चुकत नाही. रोज साध्या पाण्यानं आणि आठवड्याला ३ ग्रॅम बॅकफ्लश पावडरनं (ग्रुप आतून धुवायची पावडर), छिद्रं नसलेली बंद बास्केट लावून, १० सेकंद चालू, १० सेकंद बंद असं पाच वेळा, प्रत्येक ग्रुपला. न वापरलेल्या ग्रुपचं गॅस्केट (पाणी अडवणारी रबरी रिंग) सततच्या उष्णतेनं कडक होतं आणि ज्या दिवशी पाहुणे येतात त्या दिवशी कडेनं पाणी गळतं.

निर्णय अडत असेल तर महिनाभर कोणत्याही अर्ध्या तासात घरात जास्तीत जास्त किती कप लागले ते फ्रिजवर लिहीत जा. आकडा दहाच्या आत असेल तर एक ग्रुप, दोन बॉयलर आणि उरलेल्या पैशांत जलद ग्राइंडर.

जुनं दोन ग्रुपचं मशीन बघायला जाताना

मशीन थंड असताना जा आणि तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. आधीच तापवून ठेवलेलं मशीन बरेच दोष लपवतं. आरसीसीबी असलेल्या लाईनवर लावा. महिनोन् महिने बंद पडलेल्या मशीनच्या हीटरमध्ये ओल शिरते, विशेषतः पावसाळ्यात, आणि लावताच ट्रिप होतं. इलेक्ट्रिशियनकडून मेगरनं (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) हीटरचं इन्सुलेशन तपासून घ्या. ते एक मेगाओमच्या खाली असेल तर हीटर वाळवावा किंवा बदलावा लागेल.

तापताना कुठून थेंब गळतात ते टॉर्चनं बघा. पांढरे-हिरवे डाग म्हणजे जुनी गळती. बंद बास्केट लावून दोन्ही ग्रुप एकेक करून चालवा, पंपाचा काटा ९ बारच्या आसपास स्थिर राहिला पाहिजे. बॉयलरचा काटा १ ते १.३ बारवर थांबून हीटर बंद झाला पाहिजे. चढतच राहिला तर प्रेशर स्विच गेलाय. सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाला चुना किंवा एम-सीलसारखं काही लावलेलं दिसलं तर तो सौदा तिथेच सोडा.

मशीन बंद करून थंड झाल्यावर पातळीची सळई काढून दाखवायला सांगा. तिच्यावर चुन्याचा थर जितका, आत त्याहून जास्त. ११ लिटरचा बॉयलर ५ टक्के सायट्रिक आम्लानं साफ करायला ५५० ग्रॅम पावडर लागते आणि ते पाणी ग्रुपमधून काढायचं नसतं. सुटलेला चुना ग्रुपच्या आतल्या मिलिमीटरहून बारीक छिद्रात अडकतो. बॉयलर खालच्या तोटीनंच रिकामा करावा लागतो आणि तीन-चार वेळा धुवावा लागतो. थर जाड असेल तर बॉयलर उघडून हातानं साफ करण्याची मजुरी किमतीतून वजा करायला सांगा.

घरी नेताना बॉयलर पूर्ण रिकामा करून न्या. पाण्यासकट जिन्यात कलंडलेल्या मशीनचं पाणी बोर्डावर जातं. बसवल्यावर मुख्य स्विच आधी पहिल्या खुणेवरच ठेवा. बऱ्याच मशीनमध्ये त्यावर फक्त पंप चालतो आणि बॉयलर भरतो. भरणं आपोआप थांबेपर्यंत थांबा, दोन्ही ग्रुपमधून पाणी येतंय का ते बघा, आणि मगच दुसऱ्या खुणेवर नेऊन हीटर लावा. कोरड्या बॉयलरमध्ये हीटर काही मिनिटांत जळतो. तापताना एका वाफेच्या नळीचा नॉब थोडा उघडा ठेवा, आत अडकलेली हवा निघून जाते. नळीतून सलग वाफ यायला लागली की तो बंद करा.